बाजूला ठेवलेला निकाल

ज्या शब्दावर आपली मीठभाकर चालते, त्याच्याकडे मनुष्य सहसा निरखून पाहत नाही. सोनार आपल्या कसोटीच्या दगडाचे कौतुक करीत बसत नाही, आणि पुजाऱ्याला पळी-पंचपात्रीचे नावीन्य वाटत नाही. आम्हां वकिलांच्या व्यवसायात ‘सेट असाइड’ हे इंग्रजी क्रियापद असेच रोजच्या हाताखालचे आहे. अर्जाच्या शेवटी जी विनंती करावयाची तिच्यात ते असते, अपिलाच्या मसुद्यात ते असते आणि निकालपत्राच्या अखेरच्या परिच्छेदातही पुष्कळदा तेच असते. वीस वर्षे ते लिहिले, उच्चारले आणि ऐकले. त्याचा अर्थ मला ठाऊक आहे याविषयी कधी शंका आली नाही. पुढे एका वृद्ध स्त्रीने तो मला नव्याने शिकविला. त्या शिकवणीची किंमत मात्र तिच्या राहत्या घराने चुकती होते की काय, अशी वेळ येऊन ठेपली होती. ती हकिकत सांगण्यापूर्वी या क्रियापदाचा स्वभाव थोडा सांगितला पाहिजे.

इंग्रजीत एखाद्या साध्या क्रियापदाशेजारी लहानसे अव्यय येऊन बसले, की दोघांचा मिळून तिसराच अर्थ होतो. ‘सेट’ म्हणजे ठेवणे, बसविणे. पण पावसाळा ‘सेट इन’ होतो तेव्हा तो सुरू होऊन स्थिरावतो. प्रवासी ‘सेट आउट’ होतो तेव्हा तो घराबाहेर पडतो. आणि दिवाणी दाव्यात प्रतिवादी ‘सेट ऑफ’ मागतो तेव्हा त्याला आपल्या देण्यातून येणे वजा करून हवे असते. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत एकट्या ‘सेट’ या क्रियापदाचे चारशेहून अधिक अर्थ नोंदलेले आहेत, यावरून या शब्दाचा संसार केवढा मोठा आहे हे ध्यानात येईल.

हा प्रकार आपल्याला अगदीच परका नाही. संस्कृतातल्या ‘गम्’ धातूला उपसर्ग लावला की आगमन, निर्गमन, संगम, अनुगमन असे वेगवेगळ्या दिशांना जाणारे शब्द तयार होतात. मराठीत उपसर्गाचे काम पुष्कळदा दुसरे क्रियापद करते. ‘ठेवून देणे’ आणि ‘टाकून देणे’ यांत ‘देणे’ एकच आहे; पण एकात वस्तू फडताळात जाते आणि दुसऱ्यात उकिरड्यावर. मराठीने या दोन क्रियांना दोन शब्द दिले. इंग्रजीने मात्र ‘सेट असाइड’ या एकाच शब्दात दोन्हींची सोय केली, आणि सारी गोम तिथेच आहे.

या क्रियापदाचे मुख्य अर्थ तीन. पहिला, राखून ठेवणे. गृहिणी मुलीच्या लग्नासाठी पगारातून काही रक्कम ‘सेट असाइड’ करते; अभ्यासू मनुष्य पहाटेचा एक तास वाचनासाठी ‘सेट असाइड’ करतो. दुसरा, तात्पुरते दूर सारणे. दोन भाऊ आईच्या आजारपणात आपले भांडण ‘सेट असाइड’ करतात. भांडण संपलेले नसते, केवळ दारात चपला काढाव्या तसे बाहेर काढून ठेवलेले असते. तिसरा अर्थ, रद्द करणे. न्यायालय हुकूमनामा ‘सेट असाइड’ करते, तेव्हा त्या हुकूमनाम्याची सत्ता संपते. कोणता अर्थ घ्यावयाचा हे कर्ता आणि कर्म पाहून ठरवावे लागते. धान्य, पैसा, वेळ, जमीन अशी वस्तू असेल तर बहुधा राखणे. राग, मतभेद, पूर्वग्रह असेल तर दूर सारणे. आणि कर्ता न्यायालय असून कर्म निकाल, लिलाव, करार किंवा लवादाचा निवाडा असेल तर रद्द करणे. बांधणीचाही एक नियम आहे. कर्म सर्वनाम असेल तर ते दोन शब्दांच्या मध्येच बसले पाहिजे: ‘सेट इट असाइड’. नाम मात्र मध्येही चालते आणि शेवटीही.

पहिल्या अर्थाचे पुढे नामही झाले. युरोपीय समुदायात धान्याचे डोंगर साचू लागले, तेव्हा शेतकऱ्यांनी काही जमीन पेरू नये आणि त्याबद्दल मोबदला घ्यावा, अशी योजना १९८८ मध्ये ऐच्छिक म्हणून सुरू झाली. १९९२ च्या सुधारणांनंतर मोठ्या धान्य-शेतकऱ्यांना अनुदान हवे असल्यास १५ टक्के जमीन मोकळी ठेवण्याची अट आली, आणि २००८ मध्ये ही व्यवस्था संपुष्टात आली. त्या मोकळ्या जमिनीला तिकडचे शेतकरी ‘सेट-असाइड’ असेच म्हणत. आपल्याकडे अशा जमिनीला ‘पड’ म्हणतात. पण पड ठेवण्याबद्दल सरकारने पैसे मोजावेत, ही कल्पना आमच्या कुळांना पचली नसती!

कायद्यात मात्र तिसऱ्या अर्थाचेच राज्य आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत नवव्या आदेशाचा तेरावा नियम आहे. प्रतिवादीच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा झाला, आणि समन्स नीट बजावले गेले नव्हते किंवा हजर न राहण्यास पुरेसे कारण होते असे त्याने दाखविले, तर तो हुकूमनामा ‘सेट असाइड’ होतो आणि दावा पुन्हा चालू होतो. एकविसाव्या आदेशाखाली गैरप्रकाराने किंवा कपटाने झालेला लिलाव ‘सेट असाइड’ होतो. करार कायद्याच्या कलम १९-अ प्रमाणे अनुचित दबावाखाली झालेला करार ‘सेट असाइड’ करता येतो. १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ३४ मध्ये निवाड्याविरुद्ध असाच अर्ज करावयाचा असतो, आणि तो तीन महिन्यांत करावा लागतो. पुरेसे कारण दाखविल्यास वर तीस दिवस मिळतात, अधिक नाही. मुदतीचा हा काटा या शब्दाच्या पाठीशी सदैव टिकटिकत असतो, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

स्थगिती आणि ‘सेट असाइड’ यांत पुष्कळ लोक गोंधळ करतात. स्थगितीने हुकूम थांबतो, पण तो पुसला जात नाही. चामुंडी मोपेड्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली हा भेद स्पष्ट केला आहे. रद्द झालेला हुकूम मात्र जणू झालाच नव्हता, अशी स्थिती परत येते. पहिल्यात निकाल निजलेला असतो. दुसऱ्यात तो उरलेलाच नसतो.

आता माझ्या चुकीकडे येतो.

आमच्या अंत्रुज महालातल्या एका देवळाला पिढ्यान् पिढ्या फुले पुरविणाऱ्या घरातली एक विधवा माझी अशील होती. वय सत्तरीच्या पुढे. दोन खोल्यांचे घर आणि मागील दारी अबोलीचे चार वाफे, एवढीच तिची मिळकत, आणि तीवरच पुतण्यांनी हक्क सांगितला होता. खालच्या कोर्टात निकाल तिच्या बाजूने झाला. पुतणे अपिलात गेले आणि वरच्या कोर्टाने तो निकाल ‘सेट असाइड’ केला. दिवस आषाढाचे, पाऊस कोसळत होता. काकींकडे टेलिफोन नव्हता. मी तिला मराठीत पत्र घातले. कारण आमच्याकडची जुनी माणसे बोलतात कोकणीत, पण पोथी वाचतात मराठीत आणि पत्रही मराठीत. पत्रात मी लिहिले, “खालच्या कोर्टाचा आपला निकाल वरच्या कोर्टाने बाजूला ठेवला आहे. पुढील गोष्टींसाठी सवडीने येऊन भेटावे.”

माझ्या मनात इंग्रजी वाक्य होते आणि लेखणीतून मराठी शब्द उतरत होते. एवढ्या सहजपणे उतरत होते की, भाषांतर होत आहे याची जाणीवही मला झाली नाही. दुसरा अपराध ‘सवडीने’ या शब्दाचा. तो मी सौजन्य म्हणून लिहिला. उच्च न्यायालयात दुसरे अपील करण्यास नव्वद दिवसांची मुदत असते, आणि त्या पत्रात नव्वदही नव्हते नि दिवसही नव्हते. काकी आली नाही, तेव्हा खर्चाच्या भीतीने तिने माघार घेतली असेल, असे मी गृहीत धरले. माणूस पाठवून विचारले असते तर अर्ध्या दिवसाचे काम होते. ते मी केले नाही.

ती आली मार्गशीर्षात, जत्रा आटोपल्यावर. केळीच्या पानात बांधलेला प्रसाद तिने माझ्या टेबलावर ठेवला. “वकीलबाब, जात्रेचो प्रसाद. तुमचेखातीर कुशीक काडून दवरिल्लो.” मग खुर्चीच्या कडेवर टेकत तिने शांतपणे विचारले, “आतां तो निकाल व्हरपाक केन्ना येवं?”

निकाल घेऊन जायला केव्हा येऊ? मला प्रथम प्रश्नच कळला नाही. मग तिने कनवटीचे पत्र काढले आणि त्या ओळीवर बोट ठेवले. कोर्टाने तिचा निकाल बाजूला ठेवला होता. म्हणजे जपून, वेगळा काढून, तिच्यासाठी राखून ठेवला होता. शेजाऱ्यांनाही तिने तसेच सांगितले होते. पाच महिने ती निर्धास्त झोपली होती. पानातला प्रसाद आणि पत्रातला निकाल यांच्याबद्दल तिने आणि मी एकच शब्द वापरला होता, आणि तिच्या शब्दात खोट नव्हती.

त्या रात्री मी पुष्कळ विचार केला. अडाणी बाईने चुकीचा अर्थ लावला, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. पण तिचा कान अडाणी नव्हता. तो एका विशिष्ट जीवनात तयार झालेला होता. पहाटे फुले खुडली की पहिली ओंजळ देवाची म्हणून वेगळी काढावयाची. नव्याच्या दिवशी भाताची पहिली लोंबी देवळात न्यावयाची. स्वयंपाक झाला की नैवेद्याचे पान आधी बाजूला. गोग्रास बाजूला. दारी येणाऱ्यासाठी मूठभर तांदूळ बाजूला. ज्या घरात ‘बाजूला ठेवणे’ ही आदराची क्रिया आहे, जे सर्वांत चांगले तेच बाजूला ठेवले जाते, त्या घरात माझे पत्र गेले होते. मी लिहिलेला शब्द तिने आपल्या आयुष्याच्या कोशात पाहिला आणि तिथे जो अर्थ होता तो घेतला. इंग्रजी कायद्याचा कोश तिच्या घरी असण्याचे कारण नव्हते; तो माझ्या घरी होता, आणि तो उघडून सांगण्यासाठीच ती मला फी देत होती.

मराठीत काय शब्द नव्हते? ‘रद्द’ होता, ‘रद्दबातल’ होता. हे शब्द मूळचे अरबी. ‘वकील’, ‘दावा’, ‘मुदत’ हेही तिकडचेच. पण शतकानुशतकांच्या वापराने ते आमचे झाले आहेत आणि शेतात राबणारा माणूसही त्यांना दचकतो, म्हणजेच ते त्याला समजतात. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या वाचकांना कोर्टाच्या हिंदीतला ‘अपास्त’ हा शब्द ठाऊक असेल. ‘सेट असाइड’साठी तो योजणाऱ्यांनी इंग्रजीतली ‘बाजू’ सोडून दिली आणि ‘दूर फेकलेले’ हा भाव पकडला. हैदराबादकडच्यांना उर्दूतला ‘मन्सूख’ आठवेल. त्यातही संदेहाला जागा नाही. आमच्या गोव्यात १९६१ पर्यंत कोर्टाची भाषा पोर्तुगीज होती, आणि तिच्यात ‘अनुलार’ हा रोखठोक शब्द होता. मौज अशी की, ‘पोर द लादु’, म्हणजे शब्दशः बाजूला ठेवणे, हा वाक्प्रचार पोर्तुगिजांतही दुहेरी आहे. त्याचा अर्थ दुर्लक्ष करणे असाही होतो आणि पैसे शिल्लक टाकणे असाही. पण कायद्याने त्याच्यावर भिस्त ठेवली नाही. पुढे १९६५ च्या कायद्याने दिवाणी प्रक्रिया संहिता गोव्याला लागू झाली आणि तिच्याबरोबर हा इंग्रजी शब्द आमच्या कचेऱ्यांत येऊन बसला. कोकणी बोलणारा, मराठी वाचणारा आणि इंग्रजीत युक्तिवाद करणारा माझ्यासारखा वकील एका दिवसात तीन उंबरे ओलांडतो. पाय कुठे अडखळला हे त्याचे त्याला कळत नाही. पडतो तो पाठीमागून येणारा.

दुसऱ्या दिवशी मी काकीच्या घरी गेलो आणि सरळ सांगितले की निकाल गेला, त्याचा आता काही उपयोग नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. समोर सुपात फुले होती. तिचे हात फाती गुंफतच होते. मग म्हणाली, “म्हळ्यार निर्माल्य जालो म्हणात.”

मी चकित झालो. पाच महिन्यांपूर्वी मला जो शब्द सापडला नाही, तो तिने सुपातून उचलून द्यावा तसा दिला. निर्माल्य कोणी पायदळी तुडवीत नाही. ते देवाच्या अंगावरून उतरवून पाण्यात सोडतात किंवा झाडाच्या बुंध्याशी ठेवतात. पण ते पुन्हा देवाला कोणी वाहत नाही. रद्द झालेल्या हुकूमनाम्याची गत हीच. दप्तरात त्याचा कागद असतो, त्यावरचा शिक्का असतो, न्यायाधीशांची सही असते. पण त्याच्या बळावर कोणताही बेलिफ कोणाच्या दारात उभा राहत नाही.

आता प्रश्न विलंबाचा होता. मुदत कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे ‘पुरेसे कारण’ दाखविले तर उशीर माफ होऊ शकतो. एका अनुभवी स्नेह्यांनी सल्ला दिला की, म्हाताऱ्या माणसाला शंभर व्याधी असतात. डॉक्टरांचा दाखला जोडा आणि मोकळे व्हा. काकीचे गुडघे दुखत होते हे खोटे नव्हते. परंतु ती पाच महिने थांबली ती गुडघ्यांमुळे नव्हे, माझ्या पत्रामुळे. दाखला जोडला असता तर माझी चूक झाकली गेली असती, आणि ती झाकण्यासाठी एका देवभोळ्या बाईला शपथेवर अर्धसत्य सांगावे लागले असते. स्वतःच्या अब्रूची किंमत दुसऱ्याच्या शपथेने चुकती करणे मला जमेना. मी स्वतःचे प्रतिज्ञापत्र केले, त्यात चूक कबूल केली आणि ते पत्र सोबत जोडले. जो वकील साक्षीदार झाला त्याने तेच प्रकरण चालवू नये, म्हणून काम एका तरुण सहकाऱ्याकडे सोपविले आणि मी मागच्या बाकावर जाऊन बसलो.

प्रतिपक्षाच्या वकिलांनी मुद्दा जोरदार मांडला. ‘राग बाजूला ठेवा’ असे आपण म्हणतो, तेव्हा राग जपून ठेवा असा अर्थ असतो काय, असे त्यांनी विचारले. मुद्दा वाजवी होता, आणि माझ्या सहकाऱ्याकडे त्याला चटकन उत्तर नव्हते. आम्हांला तारले ते कागदांतल्याच एका पानाने. मराठी पत्र दाखल करावयाचे म्हणजे त्याचे इंग्रजी भाषांतर लागते. ते अनुवादकाने सरळपणे केले होते. त्याला आमच्या वादाची कल्पना नव्हती. ‘निकाल बाजूला ठेवला आहे’ याचे इंग्रजी त्याने ‘केप्ट असाइड’ असे केले होते. इंग्रजीतून मराठीत गेलेला शब्द परत इंग्रजीत आला तो निराळाच होऊन आला. न्यायमूर्तींनी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि विचारले की, शपथेवर अनुवाद करणाऱ्याला जो अर्थ दिसला नाही, तो या बाईंना दिसावयास हवा होता असे आपले म्हणणे आहे काय?

विलंब माफ झाला, खर्च भरण्याच्या अटीवर. तो खर्च मी भरला. ते न्याय्यच होते. अपील पुढे निकालापर्यंत गेले नाही. दोन्ही पक्षांत तडजोड झाली आणि काकीच्या हयातीपर्यंत घर व वाफे तिच्याकडे राहिले. पूर्ण विजय म्हणावा असे ते नव्हते, पण तिला तेवढे पुरले. तडजोडीच्या कागदावर सही करून बाहेर पडताना मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “तुमी फट बरोवंक ना, वकीलबाब. हांव वाचुंक चुकलें.” मी खोटे लिहिले नव्हते, तीच वाचायला चुकली होती, असा तिचा निवाडा. तो मात्र मी मान्य करीत नाही.

तेव्हापासून माझ्या कचेरीत एक नियम आहे. अशिलाला पत्र लिहिताना इंग्रजी शब्दाचे भाषांतर करावयाचे नाही. वस्तूचे काय झाले ते सांगावयाचे. निकाल टिकला की गेला? घर आज कोणाचे? आपण कोणत्या तारखेच्या आत काय केले पाहिजे? एवढी तीन उत्तरे पत्रात असली की व्याकरण कोणत्याही भाषेचे असो. आणि ‘सवडीने’ हा शब्द आम्ही काढून टाकला आहे. कोणत्या अर्थाने, ते आता सांगावयास नको.

बेळगावपासून बडोद्यापर्यंत आपण सारे मराठी भाषक दोन-तीन भाषांच्या बांधावर राहणारे लोक. घरातली एक भाषा, देवळातली दुसरी, कचेरीतली तिसरी. शेजारच्या वृद्धाला बँकेचा कागद वाचून दाखविणे, इस्पितळातली चिठ्ठी समजावून सांगणे, सरकारी नोटिशीचा अर्थ सांगणे ही कामे आपल्याकडे न मागता येतात, आणि आपणही ती चालता चालता उरकतो. ऐकणारा आपल्या शब्दावर आपले घर ठेवून निश्चिंत झोपणार आहे, एवढे स्मरण त्या वेळी असावे.

जत्रेनंतर काकीचा प्रसाद अजूनही येतो. पान सोडण्यापूर्वी मी दरवर्षी तिला तेच वाक्य म्हणायला लावतो, आणि ती हसून म्हणते, “कुशीक काडून दवरिल्लो.” तिच्या तोंडून तो शब्द ऐकला की मला त्याचा एकच अर्थ आठवतो.